ठकूआक्काचं मागलं पाणी

नकाशात तीन मोऱ्या होत्या, आक्का, आणि त्या मी घातल्या नाहीत.

एवढं एक वाक्य मी चार वर्षं कुणापाशी बोललो नाही. काळेवाडीच्या अंगाला पवनेचं मागलं पाणी, म्हणजे काठालगतचा तो फाटा, जिथे नदीला मिळतं, त्या तोंडावरून कारखान्याच्या कामाच्या ट्रकसाठी रस्ता न्यायचा होता. तोंडावर मातीचा भराव घालायचा, भरावाच्या पोटात मोऱ्या म्हणून सिमेंटचे तीन मोठे नळ बसवायचे, म्हणजे वरून गाड्या जातील आणि खालून पाणी आत-बाहेर करेल, असा तो नकाशा. नळ वेळेवर आले नाहीत. मृग पंधरा दिवसांवर होता. मी मुकादमाला म्हटलं, भराव घालून टाका, नळ दिवाळीनंतर उकरून बसवू. ठेकेदाराने मला तसं सांगितलं नव्हतं. मोऱ्या किती होत्या हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. ओव्हरसियर मी होतो.

दिवाळीनंतर मी ते नळ बसवले नाहीत. मग पाणी नासलं, मजुरांच्या छावणीतली माणसं आजारी पडली, तुझी मैत्रीण केशर गेली. तेव्हा पंचनाम्याच्या कागदावर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, की भोई लोकांनी लावलेल्या शिंगाड्याच्या वेली व लव्हाळे कुजून पाणी दूषित झाले. भोई लोक म्हणजे कोण, आक्का? त्या पाण्यावर तुझ्या घराशिवाय भोयाचं दुसरं घर नव्हतं.

तू जाऊन आता अडीच महिने होत आले.

तुझं मडकं माझ्या ओसरीवर, दाराच्या डाव्या हाताला आहे. तुझी सून सुंदरा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ते डोक्यावरून घेऊन आली आणि तिने ते खाली ठेवलं. आत पाणी आणि पाण्यात तळाशी काळे, शिंगं फुटलेले शिंगाडे. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, "आत्याबाईनं सांगितलंया, ह्ये वरशेराला द्या. पानी रोज बदलायचं. शिळं ठिवलं तर बी मरतं." मी म्हटलं, मलाच का? ती चुंबळ झटकत म्हणाली, "त्ये मला न्हाई सांगितलं. तुमाला ठावं आसंल म्हनली."

तेव्हापासून रोज सकाळी मी आधी ते मडकं रिकामं करतो. पाणी पपईच्या बुंध्याशी ओततो, शिंगाडे हाताने धरून ठेवतो, नवं पाणी भरतो. हाताला तो वास राहतो. साबण लावून जात नाही. जेवताना घास तोंडाशी नेला की तू आठवतेस. वास तसा वाईट नाही, ओल्या मातीचा, मुळांचा आहे, तुझ्या लुगड्याला यायचा तोच. पण मला त्याच्या मागून दुसरा वास येतो, त्या वैशाखातला. बायको म्हणते, मडकं परत देऊन टाका. कुणाला देऊ?

तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फक्त तुझं डोकं दिसलं होतं. कारखान्याचं काम नुकतंच निघालं होतं आणि मी टेप आणि खुंट्या घेऊन काठाने मोजणी करत होतो. छातीएवढ्या पाण्यात, शिंगाड्याच्या पानांच्या गोधडीत एक बाई उभी, डोक्याला फडकं, आणि हात पाण्याखाली काहीतरी चाचपडतायत. मी ओरडून म्हटलं, बाई, बाहेर या, तिथे खोल आहे. तू वर बघितलंस आणि म्हणालीस, "खोल हाय त्ये मला ठावं हाय, सायेब. तुमचा पाय कुटं हाय त्ये बगा." माझा पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला होता. बूट तिथेच राहिला. तो तू काढून दिलास, पाण्यात धुऊन, आणि वर शिंगाड्यांचं ओंजळभर माप माझ्या टोपीत ओतलंस. ओव्हरसियर हा शब्द तुझ्या तोंडात बसला नाही. पहिल्या दिवशी मी साहेब होतो, दुसऱ्या दिवशी वरशेर, आणि आठवड्याने वरशेरभाऊ. मग तू मला अरेतुरे करायला लागलीस. मी कोकणातला, इथे माझं कुणी नव्हतं. मला ते आवडलं, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

ते मागलं पाणी मी तुझ्याकडून शिकलो. नकाशात तो नुसता निळा डाग होता. तू मला काठाने चालवत नेलंस. वरच्या अंगाला खोलगट जागा होती, पूर चढला की नदी तिथून आत शिरायची. तांबडं, गढूळ पाणी, त्यात पालापाचोळा, शेण, गावोगावची घाण. ते लव्हाळ्यातून आणि पाणकणसाच्या दाटीतून वाट काढत, दमत दमत पुढे सरकायचं. मग शिंगाड्याच्या आणि कमळाच्या मुळ्यांतून खालच्या तोंडाला यायचं आणि पुन्हा नदीत उतरायचं. तू औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या माझ्याकडून मागून घेतल्यास. एक वरच्या अंगाला भरलीस, एक खालच्या तोंडाशी. दोन्ही उन्हात धरल्यास. पहिलीत चहा होता, दुसरीत जवळजवळ पाणी.

"गवत पानी गाळतं," तू म्हणालीस. "आन गवताला नदी गाळती. दोगं मिळून करत्यात. येकट्याच्या बापाच्यानं व्हत न्हाई."

मी हसलो होतो. बाटल्या मात्र कचेरीच्या खिडकीत बरेच दिवस ठेवल्या.

तुझ्या कामाची रीत मला तेव्हा अडाणी वाटायची. गणपती झाले, पूर उतरला, की तुमच्या घरची सगळी माणसं फावडी घेऊन तोंडावर जायची आणि पुराने आणून टाकलेला गाळ काढून वाट मोकळी करायची. तोंड काढणं म्हणायचीस तू त्याला. पहिलं फावडं मारण्याआधी, ज्यांनी ज्यांनी आजवर ते तोंड काढलं त्या गेलेल्या माणसांची नावं मोठ्याने घ्यायची. तुझे आजेसासरे, सासरे, सासू, दीर, नवरा. नाव घ्यायचं आणि त्याला काय सांगायचं ते सांगायचं, मग फावडं. तू नवऱ्याचं नाव कधी घेत नसायचीस, पण त्या दिवशी घ्यायचीस, आणि वर त्याला सुनवायचीस, की औंदा पण मीच काढतीया, तू झोप.

लव्हाळा कापायची रीतही तशीच. एक पट्टा कापायचा, एक सोडायचा. "येक आपला, येक पान्याचा." कापलेलं सगळं काठापासून लांब, शेतात नेऊन टाकायचं. तोंडाजवळच्या लव्हाळ्याला विळा लावायचाच नाही. मी विचारलं, का? तू म्हणालीस, दाराशी बसलेला माणूस कुणी उठवतं का.

मग भराव आला.

नळ नाहीत हे तुला पहिल्या दिवशी कळलं. तू भरावाच्या दोन्ही बाजूंनी चालून आलीस, वाकून बघितलंस आणि थेट माझ्याकडे आलीस. विचारलंस, पाणी जाणार कुठून? मी सांगितलं, दिवाळीनंतर करू. आणि मग, केवळ गप्प बसवत नव्हतं म्हणून, मी तुला शहाणपण शिकवायला लागलो. म्हटलं, आक्का, गढूळ पाणी हंड्यात भरून ठेवलं की सकाळपर्यंत निवळतं की नाही? वर तुरटी फिरवली तर आरशासारखं होतं. पाणी थांबलं की स्वच्छच होतं. नदी आत शिरली नाही तर घाणही शिरणार नाही. आमच्या कोकणात विहिरीचं पाणी थांबलेलंच असतं, आणि आम्ही तेच पीत लहानाचे मोठे झालो.

तू माझं सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "तुजी विहीर खालनं झरतीया, वरशेरभाऊ. म्हून ती जित्ती हाय. तिचा झरा बुजव आन मग पी."

मी टेप गुंडाळून निघून गेलो. आपलं ते भांडण तिथेच राहिलंय, आक्का. त्यानंतर मी तुझ्याशी शंभरदा मनात वाद घातला. एकदाही जिंकलो नाही.

त्या पावसाळ्यात नदी वरच्या अंगाने आत आली, नेहमीसारखी. बाहेर जायला वाट नव्हती. पूर उतरला तरी आतलं पाणी उतरलं नाही. छावणी त्याच काठाच्या चढावर होती, नगर, बीड, सोलापूरकडून आलेली शंभरेक माणसं, आणि त्यांचं सगळं सांडपाणी, सगळी घाण उताराने मागल्या पाण्यातच उतरत होती. आधीही उतरत असेल थोडीफार, पण आधी तिला बाहेरची वाट होती. कार्तिकापर्यंत पाण्यावर गोंडाळ पसरलं, कोबीच्या गड्ड्यांसारखं, एकाला एक चिकटून. पाणी दिसेना. तुझे शिंगाडे त्याच्याखाली गुदमरले.

मला वाटलं, घाण म्हणजे हे गवतच. मी वीस माणसं लावली आणि सगळं उपसून काढलं. गोंडाळ काढलं, शिंगाड्याच्या वेली काढल्या, पाणकणीस काढलं, आणि तोंडाजवळचा लव्हाळासुद्धा मुळापासून. ढीग काठावरच टाकले. तू आलीस, ओरडली नाहीस. काढायचं तर काढ म्हणालीस, पण काठावर टाकू नकोस, त्याचा रस परत पाण्यात उतरतो. मी मुकादमाकडे बघून हसलो. मुकादमही हसला. तुझ्याकडे पाहून आम्ही दोघं हसलो, आक्का. त्या हसण्याचा आवाज मला अजून येतो. पपईच्या बुंध्याशी पाणी ओतताना येतो.

तीन-चार आठवडे पाणी छान दिसलं. उघडं, निळं, आभाळ पडलेलं. मी ठेकेदाराला नेऊन दाखवलं. मग ऊन चढलं आणि पाणी हिरवं व्हायला लागलं. आधी किंचित, मग कुणी कढीपत्ता वाटून कालवल्यासारखं. उस्मान मिस्त्री, जो तिथलं तेलाचं इंजिन चालवून कामावर पाणी चढवायचा, तो रोज जाळी काढून मला दाखवायचा. हिरवा, बुळबुळीत साका. म्हणायचा, साहेब, इंजिनाला हे पाणी नको झालंय, माणसांना कसं चालतं? पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून हवा गिळायचे. उन्हं आली की काही खाली जायचे, काही तसेच राहायचे. शेवटी मरळ तेवढी उरली. आणि वास. तो वास कामाच्या कागदांना लागला, भाकरीला लागला.

वैशाखात छावणीत हगवण लागली. केशर बीडकडची होती, विटा वाहायची. तुझी तिची मैत्री होती. तू तिला लव्हाळ्याची चटई विणायला शिकवली होतीस आणि ती तुला तिच्याकडच्या ओव्या म्हणून दाखवायची. तू तिला दहादा सांगितलं होतंस, बाई, ते पाणी पिऊ नको, नदीवर जा. नदी अर्धा मैल होती आणि केशर दिवसभर विटा वाहून दमलेली असायची. ती दोन दिवसांत गेली. तिच्यामागून आणखी माणसं गेली.

मामलेदार कचेरीतून माणूस आला. चावडीत पंचनामा झाला. काय झालं असावं, असं त्याने विचारलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण शिकलेला मी होतो. मी कुजलेल्या ढिगांकडे बोट दाखवलं. ढीग कुणी टाकले ते नाही सांगितलं. वेली कुणाच्या होत्या ते सांगितलं. मोऱ्यांचं नाव निघालं नाही. उस्मान मिस्त्रीला सही करायला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "मी इंजिन चालवतो, साहेब. खोटं चालवायला दुसरा माणूस बघा." त्याच्या सहीवाचून काही अडलं नाही.

तू दारात उभी होतीस. कुणी तुला आत बोलावलं नव्हतं. केशरचा नवरा तुझ्या अंगावर धावून गेला. तू माझ्याकडे पाहिलंस.

"वरशेरभाऊ, तू सांग. तुला ठावं हाय."

मी कागदाकडे पाहत राहिलो. सही वाळावी म्हणून फुंकर घातली.

तुझा त्या पाण्यावरचा हक्क काढून घेतला गेला. पण त्याहून वाईट ते झालं जे कुणी लिहून दिलं नव्हतं. शिंगाडा उपासाला चालणारी गोष्ट. नवरात्रात, एकादशीला पिंपरीच्या बाजारात तुझ्या पाटीभोवती बायकांची दाटी असायची, कारण तुझे शिंगाडे गोड आणि तुझा हात सढळ. त्या वर्षी घरामागच्या रांजणात वाढवलेले मूठ-दोन मूठ घेऊन तू बसलीस. पाटीभोवती कुणी आलं नाही. देवाच्या नावाने उपास करायचा आणि या बाईच्या हातचं खायचं? कुणी तुला तोंडावर काही बोलत नव्हतं. बायका पदर सावरून दोन हात लांबून जात होत्या. तू दिवसभर बसलीस, वर ओलं फडकं झाकून, ते सुकलं की पुन्हा भिजवून.

मी तुझ्याकडून शेरभर घेतले. आठवतं? आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही बघून घेतले. आणि पुलाशी येऊन नदीत टाकले. मला माहीत होतं त्यात काही नाही. जगात सगळ्यांत जास्त खात्रीने मलाच माहीत होतं. तरी माझ्याच्याने तोंडात घालवेनात. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, गोड होते का. मी म्हटलं, फार. तू मान हलवलीस. तुला कळलं होतं, असं मला आता वाटतं. तू खोटं लगेच ओळखायचीस आणि माणसाला ते घेऊन घरी जाऊ द्यायचीस.

पुढे दरवर्षी गणपती झाले की तू माझ्या दाराशी यायचीस. पहिल्या वर्षी तू विचारलंस, "तोंड कदी काढायचं?" मी सांगितलं, काम संपू दे. दुसऱ्या वर्षी काम संपलं होतं, कारखान्याला पलीकडून पक्का रस्ता झाला होता, भरावावरून कुत्रंही जात नव्हतं. तेव्हा मी सांगितलं, कागद वर गेलेत. कागद कुठेही गेले नव्हते. भराव फोडायचा म्हणजे मोऱ्या कुठे आहेत हे कुणीतरी विचारणार, आणि मला बढती मिळायची होती. ती मिळाली. नवे पैसे आले त्या वर्षी माझा पगार नव्या पैशांत आणि वाढून आला.

तिसऱ्या वर्षी तू काहीच विचारलं नाहीस. दाराशी उभी राहिलीस, पाणी मागितलंस, मी तांब्या दिला. तू तांब्यातलं पाणी उन्हात धरून बघितलंस, जसं त्या बाटल्यांतलं बघितलं होतंस, मग प्यायलीस आणि गेलीस. मी तुझ्या पाठीकडे बघत होतो. हाक मारायला तोंड उघडलं होतं. मग वाटलं, पुढच्या वर्षी.

माघात उस्मान मिस्त्रीने सांगितलं, आक्काला ताप आहे, बघून या. मी म्हटलं, उद्या जातो. तो म्हणाला, तुमचं उद्या फार लांब असतं, साहेब. तो बरोबर होता.

आक्का, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण या अडीच महिन्यांत मी भरावाकडे तीनदा गेलो आणि तीनदा परत फिरलो, कारण मला पाण्यात डोकं दिसलं. फडकं बांधलेलं. हात पाण्याखाली. पाण्यात एक वेलही नाही, मग तू चाचपडतेस काय? मी तिथे उभा राहून पाहत राहिलो तर ते ओंडक्याचं टोक निघालं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तो ओंडका तिथे आहे हे मला ठाऊक होतं. तरी तूच दिसलीस.

चैत्रात एका सकाळी मडक्यातलं पाणी बदलताना बोटाला काहीतरी कोवळं लागलं. एका शिंगाड्याच्या दोन शिंगांच्या मधून पांढरा कोंब आला होता. मी हात झटकन बाहेर घेतला. कुणी बोट धरावं तसं वाटलं. चार वर्षं तू ते बी रांजणात वाढवत, मडक्यात जपत, दरवर्षी नवं करत आलीस. पाणी नव्हतं आणि तू बी सांभाळत होतीस. आणि ते मला दिलंस. माझ्याजवळ तेव्हा एकच गोष्ट होती जी तुझ्याजवळ नव्हती, आणि ती म्हणजे खरं काय ते सांगायची जागा. लोक माझं ऐकत होते.

मी तसाच तुमच्या घरी गेलो. सुंदरा भाकऱ्या करत होती. मी दारातून म्हटलं, कोंब आला. तिने तवा उतरवला नाही, वळूनही बघितलं नाही.

"मंग आता पानी पायजे," ती म्हणाली.

त्या दिवशी मी अर्ज लिहिला. नकाशात मोऱ्या तीन, प्रत्यक्षात एकही नाही, निर्णय माझा, गवत मी काढलं, ढीग काठावर मी ठेवले, पंचनाम्यातला मजकूर खोटा, सबब भराव काढण्यास व ठकूबाईच्या वारसांचा हक्क पूर्ववत करण्यास हुकूम व्हावा. मामलेदार कचेरीतल्या कारकुनाने वाचून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, साहेब, हे मिटलेलं होतं की हो. मी म्हटलं, नोंद करून घ्या. मग बाजारच्या दिवशी चावडीत तोच कागद उभ्याने वाचला. मध्येच थांबून पाणी मागावं लागलं. पाटील म्हणाले, आज चार वर्षांनी? केशरचा नवरा आता कारखान्यात आहे, तो भिंतीला टेकून बसला होता. वाचून झाल्यावर तो उठला, माझ्या अगदी जवळ आला. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मी त्या बाईच्या अंगावर धावलो होतो," आणि बाहेर गेला. माझं पुढे काय होईल ते अजून कळायचं आहे. नोकरी जाईल कदाचित. ते आता तुझ्यामाझ्यातलं नाही.

अर्जात बरंच काही लिहिता येतं, आक्का. माफीला त्यात रकाना नसतो.

भराव फोडायची परवानगी मिळाली ती वैशाखात. ती तोंड काढायची वेळ नाही, मला ठाऊक आहे, पण पूर यायच्या आत वाट हवी होती. उस्मान मिस्त्री पहार घेऊन आला. सुंदरा फावडं घेऊन आली. गावातली पाच-सात माणसं आली आणि सगळ्यांत शेवटी केशरचा नवरा, शिफ्ट सोडून. मी मडकं बरोबर नेलं होतं, तोंडाशी सावलीत ठेवलं. कोंब आता बोटभर झाला होता.

काम सुरू करायला उस्मानने पहार उचलली तर सुंदराने हात वर केला. आधी नावं, म्हणाली. तिने एकेक घेतलं, तुझ्या आजेसासऱ्यापासून. सासू, दीर, तुझा नवरा. मग थांबली. मला वाटलं, आता ती तुझं घेईल. तिने फावडं माझ्या हातात दिलं.

"आत्याबाईचं तुमी घ्या," ती म्हणाली. "सांगायचं तुमाला हाय."

पाणी येणार नव्हतं. नदी खूप खाली होती, मागल्या पाण्याचा नुसता हिरवा डबरा उरला होता, लव्हाळ्याची एक काडी नव्हती. माणसं उभी होती. मला चावडीतलं ते दार आठवलं आणि दारातली तू. या वेळी माझ्यासमोर कागद नव्हता. मी तुझं नाव घेतलं, पहिल्यांदा हळू, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"ठकूआक्का, मला ठावं होतं. पाणी तू नासवलं नाहीस, मी कोंडलं. केशर माझ्यामुळे गेली. तुझे शिंगाडे मी नदीत टाकले आणि गोड होते म्हणालो. तू चावडीत मला सांग म्हणालीस आणि मी सांगितलं नाही, ते आज सांगतो. मला माफ कर."